वाकड्या पावलाचा सरळ माणूस

ग्रहण पाळायचे म्हणजे गरोदर बाईने विळी, चाकू, सुई-दोरा यांना हात लावायचा नाही, काही चिरायचे-मोडायचे नाही आणि ग्रहण सुटेपर्यंत घरात स्वस्थ बसून राहायचे. २०२२ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मावळत्या सूर्याला ग्रहण लागले, तेव्हा आमच्या इंझोरीच्या घरात पुतण्याची बायको पाच महिन्यांची गरोदर होती. पुढे फेब्रुवारीत तिला मुलगा झाला. बाळ गुटगुटीत, रडणे खणखणीत. फक्त डावे पाऊल आत वळलेले, तळवा वर फिरलेला आणि टाच पोटरीकडे ओढलेली.

इंझोरी हे वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातले गाव. कपाशी, तूर, सोयाबीन यांत बुडालेले. कोणाच्या घरी काय झाले हे संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला ठाऊक होते. बाळ बघायला पहिल्या आल्या त्या आमच्या आत्याबाई. वय पंच्याऐंशीच्या घरात, पण नजर शाबूत. त्यांनी दुपटे उचलून पाऊल पाहिले, आणि बाळंतिणीला पहिला प्रश्न केला तो ग्रहणात काय चिरले होते, हा. सूनबाई काही बोलली नाही. दोन दिवसांनी मात्र रडत रडत तिने सांगितले, की त्या दुपारी फराळाचे उरलेले पीठ वाया जाऊ नये म्हणून तिने शंकरपाळे कापले होते. चार महिने जी गोष्ट तिच्या ध्यानीमनीही नव्हती, ती आता तिला गुन्ह्यासारखी छळू लागली.

मला त्या वेळी थॅडियस स्टीव्हन्स आठवला. अमेरिकेत हे नाव शाळेच्या पुस्तकात असते. आपल्याकडे ते फारसे कोणाला ठाऊक नाही. माझी त्याची ओळख आडवाटेने झाली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ते पुस्तक त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. पुण्यात बसून जोतीरावांनी ज्यांना हात जोडले ती माणसे होती तरी कोण, या कुतूहलाने मी वाचत गेलो. लिंकन तर सगळ्यांच्याच माहितीचा. पण त्याच्या उंच सावलीत एक लंगडणारा, चिडका, टोप घालणारा म्हातारा वकील उभा होता. जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेत कोणा एकाचे नाव नाही. त्यांचे पुस्तक निघाले तेव्हा स्टीव्हन्सला जाऊन पाच वर्षे झाली होती.

त्याचा जन्म ४ एप्रिल १७९२ चा, व्हरमाँट राज्यातल्या डॅनव्हिल या गावातला. अमेरिका नुकती कुठे स्वतंत्र झालेली, आणि व्हरमाँट म्हणजे तिच्या उत्तर टोकाचा डोंगराळ, थंडीने गोठणारा मुलूख. आईबापांनी मुलाला नाव दिले ते अमेरिकेच्या लढाईत मदतीला आलेल्या कोश्चुश्को या पोलिश सेनानीचे. बाप जोशुआ शेती करी आणि जोडेही शिवी. नियतीची थट्टा अशी, की या जोडे शिवणाऱ्याच्या पहिल्या मुलाची दोन्ही पावले जन्मतः वळलेली निघाली आणि दुसऱ्याचे, म्हणजे थॅडियसचे, एक.

डॅनव्हिलचे लोक पक्के धार्मिक. त्यांना ग्रहणाचे काही नव्हते; त्यांचे उत्तर वेगळे होते. आईबापांनी कुठले तरी पाप लपवून ठेवले आहे आणि देवाने ते मुलांच्या पावलांवर लिहिले आहे, अशी त्या काळची समजूत होती. एका मुलावर निभावले असते तर लोक कदाचित विसरलेही असते. दोन मुले तशी झाल्यावर कुजबुज वाढली असणार. पुढे त्या घरात आणखी दोन मुलगे झाले, दोघांचीही पावले धड. मग देवाने पापाची शिक्षा अर्धीच का दिली, हा प्रश्न कोणाला पडल्याचे दिसत नाही.

या व्यंगाला डॉक्टर क्लबफूट म्हणतात. हजार जन्मांमागे साधारण एका बाळाला ते असते. मुलींपेक्षा मुलांत दुपटीने, आणि निम्म्या बाळांत दोन्ही पायांना. घोट्यातली आणि पावलातली लहान लहान हाडे आपल्या जागेवरून वळलेली असतात आणि आतल्या व मागच्या बाजूच्या शिरा, स्नायुबंध आखूड व ताठ झालेले असतात. काही बाळांचे पाऊल गर्भाशयात दाटीने बसल्यामुळे नुसते दुमडलेले असते. ते हाताने हलकेच सरळ करता येते आणि बहुधा आपोआप सुधारते. खरा क्लबफूट हाताने सरळ होत नाही. तो ताठच राहतो. अंगठ्याने जरा दाबून पाहिले तरी फरक कळतो, असे आम्हाला डॉक्टरांनी दाखवले.

कारणांचा शोध ग्रीकांपासून चालू आहे. हिपॉक्रेटिसला वाटे, की गर्भाशयात जागा कमी पडून पाऊल दाबले जाते. गर्भजल फार कमी असले तर आजही ती शंका घेतात. काही थोड्या बाळांत पाठीच्या कण्याचा किंवा सांध्यांचा दुसरा विकार सोबत असतो. गरोदरपणात विडी-सिगारेट ओढल्यास धोका वाढतो. गर्भजलाची सुईने तपासणी फार लवकर, अकराव्या-बाराव्या आठवड्यात केल्यासही वाढतो. पण बहुसंख्य बाळांत यातले काहीच सापडत नाही. सर्वांत ठाम धागा आहे तो रक्ताचा. चारांतल्या एका बाळाच्या नातलगांत आधी कोणाला तरी असेच पाऊल असते. एकाच बीजाच्या जुळ्यांत एकाला ते असले तर दुसऱ्याला असण्याची शक्यता साधारण तिनात एक. वेगळ्या बीजांच्या जुळ्यांत ती फार कमी. गर्भात पाय घडवणाऱ्या काही जनुकांचा माग अलीकडे लागला आहे. तरी एक जनुक म्हणजे एक वाकडे पाऊल असा सरळ हिशोब नाही. स्टीव्हन्सच्या घरी चारांपैकी दोघांनाच का, याचे उत्तर बहुधा याच गुंत्यात दडलेले असावे.

थॅडियसचा बाप पुढे घर सोडून निघून गेला. का आणि कुठे, हे नक्की कोणालाच सांगता आलेले नाही. १८१२ च्या लढाईत तो मेला असे मानतात. मागे राहिली ती आई, सेरा. चार मुलगे, त्यांतले दोघे पायाने अधू, खडकाळ शेत, आणि गावाच्या तोंडी तिच्या नसलेल्या पापाची चर्चा. या बाईने एक गोष्ट ओळखली, की या पायाचे पोर नांगरामागे चालू शकणार नाही, म्हणजे त्याला शिकले पाहिजे. म्हणून तिने चांगली शाळा असलेल्या शेजारच्या पीचम गावी बिऱ्हाड हलवले. आसपास तापाची साथ आली, तेव्हा ती घरोघर रोग्यांची शुश्रूषा करायला जाई आणि थॅडियसला बरोबर नेई. शाळेत पोरे त्याच्या चालण्याची नक्कल करून त्याला हसत. पोरे कुठल्याही मुलखातली असोत, या बाबतीत सारखीच.

बायरन याच काळातला, थॅडियसपेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याचेही एक पाऊल जन्मापासून अधू होते; ते नेमके कशाने, यावर डॉक्टर अजून वाद घालतात. बायरन आपल्या पायाचा दोष आईला देत राहिला. थॅडियसने उलट केले. आपल्यात जे काही बरे आहे ते आईमुळे आहे, असे तो जन्मभर मानत आला. चार पैसे हाती आल्यावर त्याने तिला शेत घेऊन दिले, गाई घेऊन दिल्या. मृत्युपत्रात त्याने तिच्या थडग्याची निगा राखण्यासाठी पैसे ठेवले आणि तिथे गुलाब लावायला सांगितले. लोकांच्या दृष्टीने जी बाई गुन्हेगार, ती मुलाच्या दृष्टीने अशी होती.

१८१४ मध्ये तो डार्टमथ कॉलेजातून पदवीधर झाला, पेनसिल्व्हेनियात येऊन मास्तरकी करता करता कायदा शिकला आणि गेटिसबर्गला वकिली थाटली. लंगडत चाले, पण घोड्यावर पक्की मांड होती आणि पोहण्यातही तो तरबेज होता. पस्तिशीच्या सुमारास एका आजारात डोक्यावरचे सगळे केस गेले. तेव्हापासून टोप आला. जीभ मात्र तलवारीसारखी. जुगाराचा नादही होता. साधुसंत म्हणून त्याची आरती ओवाळावी, असा हा माणूस नव्हे.

त्याचा मोठा डाग तर तरुणपणीचाच. १८२१ साली चॅरिटी बटलर नावाच्या एका गुलाम बाईने आपल्या व आपल्या मुलींच्या सुटकेसाठी दावा लावला. पेनसिल्व्हेनियाचा कायदा असा, की मालकाने गुलामाला त्या राज्यात सलग सहा महिने ठेवले तर तो मुक्त होतो. चॅरिटी तुकड्यातुकड्यांनी तिथे राहिली होती. तुकड्यांची बेरीज धरता येत नाही, असा युक्तिवाद मालकाच्या बाजूने करण्यात आला, तो कोर्टाने मान्य केला, आणि ती बाई मुलींसह पुन्हा गुलामीत गेली. मालकाचा वकील होता थॅडियस स्टीव्हन्स. जो लहानपणी स्वतः न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होता, त्यानेच कायद्याच्या कलमावर बोट ठेवून एका आईला आणि मुलींना परत साखळीत पाठवले. या खटल्यानंतर त्याच्या मनात काय झाले, हे त्याने कुठे लिहून ठेवलेले नाही. एवढे दिसते, की पुढच्या आयुष्यात तो गुलामांच्या मालकांच्या बाजूने उभा राहिला नाही. पळून आलेल्या गुलामांचे खटले मात्र त्याने फी न घेता चालवले. पुस्तके विकत घ्यायला निघालेला असताना वाटेत एक गुलाम विकला जात असलेला पाहून, पुस्तकांचे तीनशे डॉलर देऊन त्याला सोडवले, अशीही एक गोष्ट सांगतात.

स्वतःच्या कामगिरीत तो सर्वांत वर ठेवी ती मात्र वेगळीच होती. १८३४ मध्ये पेनसिल्व्हेनियात सर्व मुलांसाठी मोफत शाळांचा कायदा झाला. शाळा म्हटली की कर आला. लोक खवळले, आणि दुसऱ्याच वर्षी कायदा रद्द करण्याचा ठराव वरच्या सभागृहात मंजूरही झाला. खालच्या सभागृहात तो मंजूर होणार हे सगळे धरून चालले होते. एप्रिल १८३५ मध्ये स्टीव्हन्स बोलायला उभा राहिला. तुम्ही तुरुंगासाठी कर देता, पण तुमच्यातले कितीजण तुरुंगात जातात, अशा अर्थाचा त्याचा बिनतोड सवाल होता. गरिबाच्या पोराला धर्मादाय म्हणून शिकवू नका, त्याचा हक्क म्हणून शिकवा, हा त्याचा आग्रह. भाषण संपले आणि मते फिरली, शाळा वाचल्या. पुण्यातली जोतीराव-सावित्रीबाईंची शाळा याच्यानंतर तेरा वर्षांची. तीन वर्षांनी पेनसिल्व्हेनियाच्या नव्या राज्यघटनेत मताचा हक्क फक्त गोऱ्यांपुरता ठेवला गेला, तेव्हा स्टीव्हन्स घटनासमितीचा सभासद असूनही त्याने तिच्यावर सही केली नाही.

१८४२ मध्ये तो लँकेस्टरला आला. लग्न केले नाही. घर सांभाळायला लिडिया हॅमिल्टन स्मिथ ही मिश्र वंशाची विधवा आली आणि वीस वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिली. त्या दोघांच्या नात्याविषयी शत्रूंनी वाटेल ते लिहिले. त्याने उत्तर द्यायचे मनावर घेतले नाही. मृत्युपत्रात तिच्यासाठी पाच हजार डॉलर ठेवले. या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या घराच्या आवारात खोदकाम झाले, तेव्हा पाण्याचे एक जुने टाके मिळाले. पळून आलेल्या गुलामांना लपवण्यासाठी ते वापरले जात असावे, असा जाणकारांचा अंदाज आहे.

काँग्रेसमध्ये तो १८४९ ते १८५३ आणि पुन्हा १८५९ पासून मरेपर्यंत होता. यादवी युद्धात पैशाच्या नाड्या त्याच्या समितीच्या हाती होत्या. दक्षिणेच्या सैन्याचा त्याच्यावर इतका राग, की १८६३ च्या जूनमध्ये पेनसिल्व्हेनियात घुसल्यावर त्यांनी त्याचा लोखंडाचा कारखाना जाळून टाकला. लिंकनने तडजोडीने, थांबत थांबत जावे आणि याने मागून ढोसत राहावे, असे ते नाते होते. ३१ जानेवारी १८६५ ला गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात मंजूर झाली. स्टीव्हन स्पिलबर्गच्या २०१२ च्या ‘लिंकन’ चित्रपटात हा प्रसंग आहे. टॉमी ली जोन्सने म्हाताऱ्या स्टीव्हन्सची भूमिका केली आहे. कायद्यापुढे सर्व नागरिक समान, हे लिहिणारी चौदावी घटनादुरुस्ती १८६६ मध्ये काँग्रेसमधून पार झाली, ती त्याच्या समाधानाइतकी कडक नव्हती. तरी त्याने तिला मत दिले, कारण आपण देवदूतांत नव्हे, माणसांत राहतो, हे त्याला कळत होते. मोठ्या मळेवाल्यांच्या जमिनी काढून मुक्त झालेल्या प्रत्येक कुटुंबाला चाळीस एकर द्यावी, ही त्याची योजना मात्र कोणी उचलली नाही. मत मिळाले, जमीन नाही. विदर्भातल्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

शत्रूंनी त्याच्या पायाचा उपयोग शेवटपर्यंत केला. हे पाऊल म्हणजे सैतानाचा खूर, असे ते म्हणत. तो गेल्यावरही हे थांबले नाही. १९१५ साली ग्रिफिथचा ‘बर्थ ऑफ अ नेशन’ हा प्रचंड गाजलेला मूकपट आला; त्यात स्टोनमन नावाचा पुढारी आहे. टोप घातलेला, लंगडणारा, घरकामाच्या मिश्र वंशाच्या बाईच्या मुठीत असलेला. कोणावर बेतला आहे हे सांगायची गरज नव्हती. आपणही यात मागे नाही. मंथरेची पाठ आपण वाकडीच रंगवतो, आणि दूरदर्शनच्या ‘महाभारता’तला शकुनी लंगडत चालतो तेव्हा आपल्याला ते अगदी योग्य वाटते. आपल्याकडे अष्टावक्रही आहे, हे खरे. गर्भात असताना बापाच्या पठणातल्या चुका काढल्या म्हणून बापाने शाप दिला आणि पोर आठ ठिकाणी वाकडे जन्मले. कारण तिथेही शापच. निदान दोष बापाच्या रागाकडे जातो, आईकडे नाही.

१८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनवर महाभियोग चालला. त्यामागचा मुख्य जोर स्टीव्हन्सचा, पण अंगात त्राण उरले नव्हते. दोन तरुण त्याला खुर्चीत बसवून सभागृहात उचलून नेत. तुम्ही दोघे मेलात म्हणजे मला कोण उचलणार, अशी तो त्यांची चेष्टा करी, असे सांगतात. जॉन्सन एका मताने सुटला. ११ ऑगस्टच्या मध्यरात्री स्टीव्हन्स वारला. कॅपिटॉलच्या घुमटाखाली त्याचा देह ठेवला तेव्हा पहाऱ्याला काळे सैनिक होते. लँकेस्टरच्या मोठ्या दफनभूमीत काळ्यांना जागा नव्हती, म्हणून त्याने आधीच ठरवून एका लहानशा, सर्वांना खुल्या दफनभूमीत जागा घेतली होती. हे तिथे का केले, तेही दगडावर कोरून ठेवायला सांगितले. जाता जाता अनाथ मुलांच्या एका संस्थेसाठी पैसे ठेवले, अट एकच, की वर्ण-वंश बघायचा नाही. त्याच्या नावाचे तंत्रशिक्षणाचे कॉलेज लँकेस्टरमध्ये आज चालू आहे.

त्याच्या पावलावर उपचार झाले असते का? त्याच्या लहानपणी पट्टे, लाकडी साचे आणि कुलपासारखे जोडे एवढेच होते. टाचेमागची शीर बारीक छेद देऊन सोडवण्याची शस्त्रक्रिया १८३० नंतर जर्मनीत रुळली. पुढे शंभर वर्षे सर्जनांनी मोठमोठे छेद घेऊन पावले सरळ केली. त्यांतली पुष्कळशी मोठेपणी ताठ आणि दुखरी झाली. इग्नासिओ पोन्सेटी या स्पेनमधून परागंदा झालेल्या डॉक्टरने अमेरिकेत आयोवाला दुसरा रस्ता काढला. तान्ह्या बाळाचे पाऊल हळुवार हाताने थोडे वळवायचे, प्लॅस्टर घालायचे, आठवड्याने काढून आणखी थोडे वळवायचे. पाच-सहा प्लॅस्टरांत पाऊल वळणावर येते; मग बहुतेकांच्या टाचेमागची शीर छोट्या छेदाने सोडवतात. त्याने १९६३ मध्ये हे लिहून प्रसिद्ध केले, पण जगाने ते ऐकायला आणखी तीस-पस्तीस वर्षे घेतली. आज सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे व्यंग धरलेले आहे आणि त्याचा उपचार मोफत होतो. बाळ जितके लहान तितके काम सोपे. पहिल्या काही आठवड्यांतच गाठले तर उत्तम.

आम्ही तिसऱ्या आठवड्यात गेलो. दर आठवड्याला एसटीने जिल्ह्याच्या गावी, सूनबाईच्या मांडीवर प्लॅस्टर घातलेले बाळ. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारले, घराण्यात आधी कोणाला असे होते का. पुतण्या नाही म्हणाला. मीही म्हणणार होतो, तेवढ्यात मला आमचे चुलत आजोबा आठवले. सगळे गाव त्यांना लंगडे आबा म्हणे. लहानपणी चिंचेवरून पडले, असे आम्हाला सांगितलेले. घरी येऊन मी आत्याबाईंना विचारले, कारण आबा त्यांचे सख्खे काका. त्या बराच वेळ हातातली वात वळत राहिल्या. मग म्हणाल्या, की चिंचेचे काही खरे नाही, आबांचा पाय जन्मताच तसा होता. घराण्यात पोरींची लग्ने व्हायची होती म्हणून थोरल्यांनी ती गोष्ट रचली. रक्तातून यायचेच असेल, तर ते आमच्याकडूनही आलेले असू शकते, आणि ग्रहण ज्या पोटावर लागले म्हणून बोट दाखवले, ते पोट बाहेरून आलेले होते. शिवाय पाचव्या महिन्यात असे पाऊल सोनोग्राफीतही दिसू शकते. शंकरपाळे कापण्याआधीच ते वळलेले असणार. हे मी सूनबाईसमोर मुद्दाम मोठ्याने बोललो. आत्याबाई ऐकत होत्या.

सहा प्लॅस्टर झाली, शीर सोडवली, आणि मग खरी परीक्षा आली. दोन बूट आणि मध्ये पट्टी, असे साधन. पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, नंतर चार वर्षांचा होईपर्यंत रात्री झोपताना. ते सोडले तर पाऊल पुन्हा वळते. उपचार फसतात ते बहुधा इथेच, कारण पोर रडते आणि आजीचे मन द्रवते. आमच्याही घरी पहिले पंधरा दिवस कोणी झोपले नाही.

७ सप्टेंबर २०२५ ला रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. अडीच वर्षांचे पोर दिवसभर अंगणात धावून दमले आणि ओसरीवरच झोपी गेले. घरात सगळे ग्रहणाच्या तयारीत. पाण्याच्या भांड्यांवर तुळशीपत्रे ठेवायची गडबड चालली होती. आत्याबाई पाळणूक करत कोपऱ्यात माळ घेऊन बसल्या होत्या. अर्ध्या तासाने त्यांनी आतून सूनबाईला हाक मारली. पोराच्या पायात बूट घालायचे राहिले आहेत, आधी ते घाल, असे त्या सांगत होत्या.